टेकरामकाकांच्या दारापर्यंत: उधना ते पाल्पा

दिवाळीत सुरतेचे माग बंद झाले की आम्ही धुळ्याकडे गावी जातो. यंदा नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नेपाळ काढलं. सुरतेतल्या उधन्याच्या कारखान्यात ते आणि टेकरामकाका वीस वर्षं शेजारशेजारचे माग चालवत. लकवा झाल्यावर काका नेपाळात पाल्प्याला घरी परतले. त्यांची वाचा गेली, आणि मागांच्या खडखडाटात नानांचे कान आधीच गेलेले. व्हिडिओ कॉल लावला, तर काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हापासून नाना नीट जेवत नव्हते.

“तिथंही तोंड फिरवलं तर?” मी ओरडून विचारलं. आमच्या घरी सगळं ओरडूनच विचारावं लागतं.

“फिराऊ दे. मी जाई बससू,” नाना अहिराणीत म्हणाले; म्हणजे, मी आपला जाऊन बसेन.

निघालो. गाडी चालवणारी मी एकटी, म्हणून इंदूर, झाशी, गोरखपूर असे मुक्काम केले. धुळ्याच्या बायपासवर मी गाडी हळू केली, पण नानांनी हातानेच ‘पुढे’ म्हटलं. पहिले दोन दिवस कळण्याची भाकरी आणि ठेचा पुरला, पुढे ढाब्यावरची डाळ.

चौथ्या दिवशी दुपारी सोनौलीची सीमा गाठली. गाडीचं आरसी बुक, लायसन्स आणि मतदार ओळखपत्र हाताशी ठेवा. भन्सार, म्हणजे गाडीची जकात, दिवसांच्या हिशेबाने भरावी लागते; दर बदलतात, तिथेच विचारा आणि दलालाला लांबूनच हात जोडा. आमचा तासभर गेला. पलीकडे सीएनजी मिळत नाही, म्हणून गाडी पेट्रोलवर घेतली. आपल्या शंभराच्या नोटा सगळीकडे चालल्या. बुटवलनंतर घाट लागतो, दरडींचा रस्ता आहे, तो उजेडातच चढा. आम्ही पाल्प्याच्या मुख्य गावी, तानसेनला, एका साध्या लॉजमध्ये उतरलो.

सकाळी काकांच्या घरी गेलो. ते ओसरीत खाटेवर बसले होते. नानांना पाहिलं आणि त्यांनी तोंड फिरवलं. मला इतका राग आला की तसंच परत फिरावंसं वाटलं. नाना मात्र समोर जाऊन बसले. 

मग सीतावहिनी, काकांची सून, डाळभात घेऊन आली. काकांनी ताट सरकवलं. “बाबा किसी के सामने नहीं खाते। मुँह से गिरता है ना,” ती मला हळूच म्हणाली.

नाना ताटाकडे पाहत होते. त्यांनी काकांच्या गुडघ्याला हात लावला, पाच बोटं तोंडाशी नेली, मग स्वतःच्या छातीवर थाप मारून दोन बोटं डोळ्यांशी धरली. कारखान्यात खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही, तिथे सगळे असेच बोलतात. लहानपणी डबा द्यायला जायची तेव्हा ही खूण मी रोज पाहायची: तू जेव, तुझे माग मी बघतो.

आणि खरंच नाना उठले आणि काकांकडे पाठ करून डोंगराकडे तोंड करून उभे राहिले, समोर माग चालू असल्यासारखे. मीही तशीच उभी राहिले. बऱ्याच वेळाने मागे ताटावर चमच्याचा आवाज झाला. नानांना तो ऐकू येणार नव्हता. मी त्यांचा हात दाबला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही.

आम्ही तीन दिवस राहिलो. रोज दोन्ही वेळेला नाना असेच उभे राहिले. निघताना काकांनी डावा, चालणारा हात उचलला आणि तीच खूण नानांना केली.

घरी येऊन आता आठवडा झाला. किती किलोमीटर, किती खर्च, असं लोक विचारतात, तेही सांगते. पण काल गॅसवर दूध होतं आणि नाना ताट सोडून ते बघायला उठत होते. मी ओरडणार होते. त्याऐवजी मी पाच बोटं तोंडाशी नेली, छातीवर थाप मारली, दोन बोटं कशीबशी डोळ्यांशी धरली. नाना थबकले. त्यांनी माझी दोन बोटं डोळ्यांशी नीट बसवून दिली आणि जेवायला बसले.