बोटीतली रिकामी जागा

माझं दुकान घड्याळदुरुस्तीचं, आणि त्याला लागून रेडिओचं केशकर्तनालय. मधे फक्त फळ्यांची भिंत. रेडिओ हे काही त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पण शटर वर गेल्यापासून खाली येईपर्यंत हा माणूस बोलत असे आणि बंद करायचं बटण त्याला कुठेच नव्हतं. मी डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरावी आणि पलीकडून कुणाच्या तरी सासऱ्याच्या ऑपरेशनचं साग्रसंगीत वर्णन यावं, असं सव्वीस वर्षं चाललं होतं. मी फळीवर ठोकायचो. तो म्हणायचा, "शेठ, तुमची घड्याळं दिवसभर टिकटिक करतात, मी कधी काही बोललोय का?"

रेडिओ खोटं बोलायचा असं मी म्हणणार नाही. तिखटमीठ लावायचा. सकाळी जिन्यावरून घसरलेला माणूस संध्याकाळपर्यंत त्याच्या तोंडी पाय मोडून बसलेला असे, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस चालत दाढीला आला, की रेडिओ न लाजता म्हणे, "बघा, किती लवकर बरे झाले." आमच्या दुकानांच्या वरच दवाखाना. तिथल्या आजाऱ्यांची दाढी करायला तो वर जायचा आणि त्यांना हसवूनच खाली यायचा. ज्याचं मन जड त्याच्यापाशी तो जास्त बोलायचा. त्याला दुसरं काही देता यायचं नाही, हे मला फार उशिरा कळलं.

त्या वर्षी वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आणि नऊ वाजेपर्यंत आमच्या रस्त्यावर छातीएवढं पाणी आलं. माझी घड्याळं तशीच सोडून मी, आणि वस्तऱ्याची पेटी डोक्यावर घेऊन रेडिओ, असे दोघंच दवाखान्याच्या गच्चीवर चढलो. दवाखाना त्या दिवशी बंद होता. रेडिओची बायको तिच्या बहिणीकडे गेली होती. पुढे जे घडलं ते गच्चीवरून आम्ही दोघांनी पाहिलं, तिसऱ्या कुणी नाही.

समोरच्या बैठ्या घरात लायब्ररीवाले काका आणि काकू राहायचे. काका नगरपालिकेच्या वाचनालयातून निवृत्त झालेले. काकूंचे गुडघे कामातून गेलेले. दहाच्या सुमारास अग्निशमन दलाची बोट आली. चालवणारा आमचा ओळखीचा, दोन मुलींचा बाप. त्याला सगळे बंबवालाच म्हणायचे. बोटीत बांधकामावरचे चार मजूर होते आणि एकाच माणसाची जागा उरली होती. बंबवाल्याने बोट खिडकीला लावली आणि ओरडला, "आधी काकूंना द्या." काकांनी काकूंना उचलायचा प्रयत्न केला. त्यांचा पाय काही खिडकीच्या कठड्यावर येईना. दोनदा, तीनदा झालं. बंबवाल्याला बोट सोडता येत नव्हती, पाण्याला ओढ होती. मग काकूच काहीतरी म्हणाल्या, हाताने "जा, जा" केलं. काका बोटीत बसले. दोन दांडगी माणसं घेऊन परत यायचं, एवढाच बेत असणार. पंधरा मिनिटांनी बोट त्या मजुरांतल्याच दोघांना घेऊन आलीही. त्याआधी घराची मागची भिंत बसली होती.

पाणी उतरेपर्यंत आम्हा सगळ्यांना शाळेत ठेवलं होतं. सातवीच्या वर्गात फळ्याखाली काका भिंतीकडे तोंड करून बसले. दोन दिवस अन्न नाही, पाणी नाही. कुणी जवळ गेलं की एकच वाक्य, "मी पुढे गेलो." आवाज इतका बारीक, की लोकांना वाटायचं कशाचा तरी हिशेब लावतायत. रेडिओने जंग जंग पछाडलं. गोष्टी सांगितल्या, नकला केल्या. शेवटी तोही गप्प बसला.

तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्राचा माणूस आला आणि रेडिओकडे दाढीला बसला. रेडिओने खुर्ची मुद्दाम काकांच्या जवळ लावून घेतली होती. बोलता बोलता त्याने सांगितलं, की बोट थांबलीच नाही. आधी ती नगरसेवकाच्या गल्लीत गेली, तिथली माणसं भरून आली, काकू खिडकीतून हात करत राहिल्या आणि बोट समोरून निघून गेली. काका बिचारे मदत आणायला गल्लीत बांधलेल्या दोराला धरून आधीच बाहेर पडले होते. एवढं सगळं रेडिओने एकदाही न अडखळता सांगितलं. मी दहा हातांवर होतो. मी ऐकलं आणि गप्प राहिलो, कारण माझ्या डोळ्यांदेखत काका हळूहळू भिंतीकडून वळले. म्हणाले, "थांबली नाही?" रेडिओ म्हणाला, "नाही ना काका, थांबलीच नाही." त्या दिवशी काका अर्धा कप चहा प्यायले.

बाहेर आल्यावर मी रेडिओला म्हटलं, "हे काय केलंस?" तो म्हणाला, "शेठ, नगरसेवकाला काय फरक पडतो? त्याची कातडी गेंड्याची आहे."

दुसऱ्या दिवशी बातमी पहिल्या पानावर. त्याच दिवशी विरोधी पक्षाचे नेते चिखल न लागलेले बूट घालून वर्गात आले, काकांना मिठी मारली आणि फोटोवाल्याला नीट जमेपर्यंत मारूनच राहिले. रस्त्यावर काकांच्या फोटोचे फलक लागले. सत्तेतल्यांनीही लगेच फलक लावले, फोटो तोच, फक्त खाली वेगळी माणसं हात जोडून. कुठून कुठून ब्लँकेटं आली, पत्रं आली, अनोळखी बायका काकांच्या पायाशी बसून रडून गेल्या. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे एकीकडे आणि खरंच कळवळलेले एकीकडे, आणि दोघांच्या मधे काका. त्यांना ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागे. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून ते ती आपण पाहिल्यासारखी सांगू लागले. मला वाटतं तोवर त्यांनी ती पाहिलीही होती.

नगरसेवकाच्या गेंड्याच्या कातडीबद्दल रेडिओचं म्हणणं खरं ठरलं. त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, की बोट चालवणाऱ्याचा हा वैयक्तिक हलगर्जीपणा आहे आणि कठोर कारवाई होईल. बंबवाला निलंबित झाला. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय. त्याच्या मुलींना शाळेत कुणी शेजारी बसू देईना.

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी बंबवाला रेडिओकडे दाढीला आला. दुकानं नुकतीच उघडली होती, भिंतींना अजून ओल होती. मी फळीमागे काट्यांना लागलेला गाळ पुसत होतो.

"उद्या अकराला आहे," तो म्हणाला. "तू गच्चीवर होतास ना?"

वाटीत पाणी ओतल्याचा आवाज आला. बोट न थांबल्याची गोष्ट रेडिओच्याच तोंडून निघाली, हे बंबवाल्याला ठाऊक नव्हतं. वर्तमानपत्रात 'प्रत्यक्षदर्शी' एवढंच होतं.

"तुझ्या नजरेतून काही सुटत नाही. बोट थांबली होती, एवढं येऊन सांग. माझं कुणी ऐकत नाही."

"आणि जागेवर कोण बसलं ते?" रेडिओने विचारलं.

"मी जबाबात 'एक प्रवासी घेतला' इतकंच लिहिलंय. काकांचं नाव नाही घातलं. कसं घालू? त्यांची बायको गेली रे."

पुढे बराच वेळ फक्त वस्तरा पट्ट्यावर घासल्याचा आवाज येत राहिला. त्या दुपारी मला पहिल्यांदा रेडिओच्या बोलण्याची गरज वाटली.

चौकशी शाळेच्याच हॉलमध्ये झाली. पुढच्या रांगेत काका, त्यांच्या दोन्ही बाजूंना नेत्यांची माणसं. रेडिओचं नाव पुकारलं तेव्हा हॉलमध्ये थोडी खसखस पिकली, आता दोन तास बसावं लागणार म्हणून. त्याने सांगितलं, की बोट थांबली होती. बंबवाल्याने आधी काकूंनाच मागितलं. काकूंचा पाय कठड्यावर येईना. बोट नगरसेवकाच्या गल्लीत गेली होती की नाही, ते त्याने पाहिलं नाही. वर्तमानपत्रातली गोष्ट त्याने रचली होती.

चौकशी करणाऱ्या साहेबांनी चष्मा काढला. "कशासाठी रचलीत?"

रेडिओ खाली बघत होता.

"बोटीत एक जागा होती असं तुम्ही म्हणता. काकूंना चढता आलं नाही. मग त्या जागेवर कोण बसलं?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरले होते. बोटीतले मजूर दुसऱ्याच दिवशी आपापल्या गावी निघून गेले होते. खरं जाणणारी माणसं त्या हॉलमध्ये चार होती. रेडिओ, बंबवाला, काका आणि मी.

"मी," रेडिओ म्हणाला.

क्षणभर कुणाला समजलंच नाही.

"मी गच्चीवर नव्हतोच. शेजारच्या भिंतीवर अडकलो होतो. जागा दिसली तशी उडी मारली. काका आधीच दोराला धरून माणसं आणायला गेले होते. मला जीव वाचवायचा होता, साहेब. नंतर लाज वाटली, म्हणून बोटीवर ढकललं."

साहेबांनी बंबवाल्याला विचारलं, हे खरं का. बंबवाला उभा राहिला. त्याने रेडिओकडे पाहिलं, मग पुढच्या रांगेकडे पाहिलं. त्याची नोकरी त्या एका शब्दावर होती आणि तो शब्द खोटा होता. "हो," तो म्हणाला आणि खाली बसला. मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, ते मला आजही ठरवता येत नाही.

बाहेर मी रेडिओचा दंड धरला. माझा संताप झाला होता. "एक खोटं पुसायला दुसरं खोटं?"

"पहिलं बंबवाल्याच्या डोक्यावर जाऊन बसलं. हे माझ्या डोक्यावर आहे. तुम्ही बोलायचं नाही, शेठ. शपथ आहे."

मग जे व्हायचं ते झालं. बंबवाला महिन्याभरात कामावर रुजू झाला. आयुष्यात कधी एकमत न झालेले दोन्ही पक्ष रेडिओच्या बाबतीत एकमताने बोलू लागले. दोन्हींच्या सभांमध्ये 'म्हाताऱ्या बाईची जागा बळकावणारा' असा त्याचा उद्धार झाला. शटरवर कुणीतरी कोळशाने लिहून गेलं, ते मी पुसलं. गिऱ्हाईक तुटलं. वीस वर्षं त्याच्याकडे येणारी माणसं रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानात जाऊ लागली आणि जाताना इकडे न बघण्याची मेहनत घेऊ लागली. तो रिकाम्या खुर्चीचा लोखंडी हात फडक्याने पुसत बसायचा. फळीपलीकडे इतकी शांतता, की माझ्याच घड्याळांचा मला त्रास होऊ लागला.

एकदा त्याची बायको माझ्या दुकानात आली. घड्याळ दुरुस्तीला आणल्याचा बहाणा होता, घड्याळ चालू होतं.

"भावजी, तुम्ही त्या दिवशी गच्चीवर होतात ना? हे होते का तुमच्यासोबत?"

"त्यालाच विचारा ना, वहिनी."

"विचारलं. म्हणतात, नव्हतो. माझी बहीण म्हणते, असल्या माणसाबरोबर कशी राहतेस."

मी घड्याळाचं झाकण उघडलं, बंद केलं. शपथ वगैरे मी मानत नाही. पण तिला खरं सांगितलं असतं तर ती चौकात उभी राहून ओरडली असती, आणि तिचं काहीच चुकलं नसतं. "घड्याळ चांगलं आहे," मी म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग निघून गेली. त्या दिवसाची मला अजून शरम वाटते.

दोन महिन्यांनी, एका सकाळी, काका रस्ता ओलांडून आले. दाढी वाढलेली, हातात काठी. चौकातली माणसं थबकली. काका सरळ रेडिओच्या दुकानात शिरले आणि खुर्चीत बसले. बाहेर लोक एकमेकांना म्हणाले, बघा, मोठ्या मनाचा माणूस, बायकोच्या जिवावर उठलेल्यालाही माफ केलं. पुढच्या आठवड्यात ते वर्तमानपत्रातही आलं. काकांचं मोठेपण, रेडिओचं नीचपण, सगळं एका चौकटीत. काका गेल्या महिन्यात वारले, तेव्हाही लोकांनी तेच आठवलं. म्हणूनच मी आता हे लिहायला घेतलं. शपथ मोडली तर मोडली.

त्या सकाळी फळीच्या अलीकडे मी एकटा होतो. ब्रशने फेस केल्याचा आवाज आला, मग वस्तऱ्याचा. 

"तू नव्हतास तिथे," काका म्हणाले.

"होतो की."

"नव्हतास रे. तिथे मी होतो."

"मान हलवू नका, काका. वस्तरा लागेल."

"तिने मला जा म्हटलं आणि मी गेलो. तुला माहितीय. सगळं तुला माहितीय." आवाज फुटला आणि मग ते रडू लागले, शाळेत ज्यांच्या डोळ्यांतून एक थेंब आला नव्हता ते काका, मोठ्याने, दम लागेपर्यंत. वस्तरा बशीत ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची करकरली. रेडिओ त्यांच्यापाशी खाली बसला असावा, कारण त्याचा आवाज खालून आला.

"त्या जा म्हणाल्या ना, काका? मग त्यांनी तुम्हाला पाठवलं. मी वरून पाहिलंय. तुम्ही वळून बघत होता, बोट वळेपर्यंत."

या खेपेला त्यात तिखटमीठ नव्हतं. मीही पाहिलं होतं. काका शेवटपर्यंत वळून बघत होते.