न विचारता झालेला मामा

जयपूरमधल्या एका लग्नात मी, कुणालाही न विचारता, नवरीचा मामा झालो.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. इथे जगतपुऱ्यात मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. लग्न होतं समोरच्या फ्लॅटमधल्या सुशीलाजींच्या मुलीचं, पूजाचं. सुशीलाजींचा एकुलता एक भाऊ हिवाळ्यात अचानक गेला होता. तेव्हापासून त्या फारसं बोलायच्याच नाहीत. लिफ्टमध्ये भेटल्या की मी आपला मजल्यांचे आकडे बघत उभा! (सांत्वनाचं हिंदी मला येत नाही. मराठीही येत नाही, असं बायकोचं मत आहे.)

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी 'भात' आहे, जरूर या, असं आमंत्रण आलं. मी सकाळचा नाश्ता टाळला. आमच्याकडे भात म्हणजे भात!

हॉलच्या दारात सुशीलाजी आरतीचं ताट घेऊन पाटावर उभ्या होत्या. भोवती बायका गात होत्या. पाहुण्यांचं काय हे अगत्य! मी भारावलो आणि भेटीच्या साडीची पिशवी सावरत थेट त्यांच्यापुढे जाऊन मान झुकवली.

गाणं थांबलं.

बायकोनं शेजारच्या बाईंना काहीतरी विचारलं आणि ती पांढरीफटक पडली.

"अहो, बाजूला व्हा! भात म्हणजे नवरीचा मामा साडी घेऊन येतो, बहीण त्याला ओवाळते! भाऊ नाही म्हणून त्या कृष्णाच्या तसबिरीला ओवाळणार होत्या. तसबीर तुमच्या मागं आहे!"

मी मागे वळलो. खुर्चीवर हार घातलेला कृष्ण होता. पुन्हा पुढे वळतो, तोच सुशीलाजींचा अंगठा माझ्या कपाळाला टेकला. टिळा लागला. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"ओढाओ, भाईसाब, ओढाओ!" एक म्हातारी आजी ओरडली.

ओढा? मी ओढलं. ताट! कुंकू, तांदूळ, लाडू, सगळं माझ्या पांढऱ्या झब्ब्यावर!

"अहो, साडी पांघरा त्यांना, साडी!" बायको रडकुंडीला आली होती.

मी साडी काढली, घडी सुटेना म्हणून झटकली आणि घाईघाईत अशी काही पांघरली, की सुशीलाजी दिसेनाशाच झाल्या. साडी हलायला लागली. आत त्या हसत होत्या!

"मेरा भैया भी हर काम ऐसे ही उल्टा करता था!" आतून आवाज आला. आणि मग हसता हसताच त्यांना हुंदका फुटला. इतके महिने दाबून ठेवलेला असावा, थांबेचना.

मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला कुंकू होतं. नव्या कोऱ्या साडीवर पाचही बोटं उमटली. बायका बदलायला सांगत होत्या, पण संध्याकाळपर्यंत सुशीलाजींनी ती अंगावरून काढली नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा सासरी निघाली. सगळे रडत होते. मी मात्र असा काही रडलो, की नवऱ्या मुलाचे वडील धावत आले. "मामाजी, हम इसे बेटी की तरह रखेंगे!" मी जास्तच रडलो.

शेवटी गाडीत बसलेली नवरी पुन्हा खाली उतरली, माझ्या हातात पाण्याची बाटली दिली आणि डोळे पुसत म्हणाली, "मामाजी, आप चुप होंगे, तभी गाड़ी निकलेगी!"