कुरडईभोवतीचा लाल चौकोन

नोकरी सोडून मी गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत थ्रीडी प्रिंटर मांडला, तेव्हा आईनं बजावलं होतं, "उन्हाळा लागेपर्यंतच. मग गॅलरी कुरडयांची." उन्हाळा लागला आणि नेमकं तेव्हाच पिंपळगावच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसनं खोक्यांना टेप लावणाऱ्या मशीनचा तुटलेला पार्ट बनवून मागितला. तो संध्याकाळपर्यंत पोचला तर पुढचं सगळं काम माझं. नाही तर प्रिंटर माळ्यावर जाणार, हे आईच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

प्रिंटरसमोर मी कॅमेरा लावला होता. प्लास्टिकचा धागा थरावर थर बसायचं सोडून भलतीकडे गेला आणि त्याचा गुंता झाला, की कॅमेरा मशीन थांबवायचा आणि मला फोनवर कळवायचा. त्याचं कौतुक मी येईल त्याला ऐकवत असे. त्या दिवशी त्यानं तीनदा मशीन थांबवलं. तीनदा मी हॉलमधून धावत गेलो, तर पार्ट ठणठणीत! धागा बदलला, नोझल साफ केलं, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

चौथ्यांदा फोनवरचा फोटो मोठा करून पाहिला. पार्टच्या मागे स्टुलावर, ताटात आईच्या कुरडया वाळत होत्या आणि लाल चौकोन त्यांच्याभोवती होता. खाली लिहिलं होतं, 'बिघाड'.

"मशीनची ऊब कशाला वाया घालवायची?" आई म्हणाली. मग तिनं फोटो पाहिला. "चाळीस वर्षं कुरडया घालतेय मी! बिघाड म्हणतो मेला!"

ताट हलवायला ती तयार होईना. मी चिडून कॅमेरा बंद केला. "मग आता तूच बस बघत!"

ती खरंच खुर्ची ओढून बसली. तासाभरानं तिची हाक आली.

"अरे, याचा कोपरा उचललाय बघ. पापडाचा उचलतो तसा. वारा लागतोय त्याला. पंखा बंद कर आधी."

प्लास्टिकचा वास जावा म्हणून टेबलफॅन मीच लावला होता. कोपरा जेमतेम कागदाएवढा उचलला होता. कॅमेरा गुंता शोधत बसला असता, त्याला हे दिसलंच नसतं. मला अतिशय लाज वाटली. पंखा बंद केल्यावर पुढचे थर नीट बसले.

संध्याकाळी पिंपळगावला पार्ट बसला, काम मिळालं. घरी येऊन मी ऐटीत जाहीर केलं, "मशीन आता गॅलरीतच राहणार."

"राहू दे की," आई कुरडई उलटत म्हणाली. "पण त्याच्यावर लक्ष ठेवायला जाणतं माणूस लागतं. ते काही तुझं काम नाही."