‘फिर से कीजिए’ म्हटलेलं कन्यादान

धाकट्या बहिणीचं लग्न आम्ही भिलाईतच केलं, स्टील प्लांटच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरमधल्या एका मंगल भवनात. बाबा प्लांटमधून रिटायर झालेले. सगळे विधी आपल्या पद्धतीनं व्हावेत म्हणून त्यांनी गुरुजी मुद्दाम नागपूरकडून बोलावले होते. व्हिडिओवाले मात्र वरपक्षानं ठरवलेले.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि त्यांच्यातला एक बुटांसकट बोहल्यावर चढला. कलशाला लागूनच पाय रोवून उभा. अंतरपाट धरलेल्या मामाला म्हणाला, "अंकल, थोड़ा नीचे. दुल्हन का चेहरा नहीं आ रहा." अरे, चेहरा दिसू नये म्हणूनच तर तो धरतात! पण लग्नात भांडण नको म्हणून मी गप्प बसले.

मग कन्यादान. खाली नवरदेवाची ओंजळ, तिच्यावर बहिणीची, वर बाबांची. आई झारीतून धार सोडत होती. गुरुजींचा मंत्र संपला तेव्हा बाबांची मान खाली गेली ती वर येईना.

"एक मिनट!" कॅमेरेवाला ओरडला. "आंटी बीच में आ गईं. अंकल, फिर से कीजिए. आंटी, आप पीछे से पानी डालिए."

आणि गुरुजी थांबले! बाबांनी बाहीला डोळे पुसले आणि ओंजळ मुकाट्यानं पुन्हा पुढे केली. आई झारी धरून तशीच उभी. हळूच म्हणाली, "मी कावून मागं जाऊ? मी आई आहो तिची."

ते ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. मी बोहल्यापाशी गेले. "पहले जूते उतारो. और नीचे आओ. यहाँ शूटिंग नहीं, शादी चल रही है."

"दीदी, फिर वीडियो में कुछ नहीं आएगा. बाद में मत बोलना."

"मत आने दो!"

नवरदेवाचे काका मध्ये पडले, "जाने दो, उनको अपना काम करने दो." त्यांचं ते काम, आणि आम्ही काय खेळून राहिलो होतो?

शेवटी बहीणच बोलली. "बाबा, हात खाली घ्या. कन्यादान झालं. आता परत नाही." बाबांनी हात खाली घेतले. गुरुजी खाकरले आणि पुढचा मंत्र म्हणू लागले.

सप्तपदी कॅमेरेवाल्यानं खालून, तोंड फुगवून काढली. ती अंधुक आली म्हणून सासरकडचे कितीतरी दिवस कुरकुरत होते. कुरकुरू देत.

पुढे भिलाईजवळच्या उतईला चुलतभावाचं लग्न निघालं, तेव्हा मी तिथल्या व्हिडिओवाल्याला आधीच फोन केला. बोहल्यावर अनवाणी यायचं, मंत्र चालू असताना बोलायचं नाही, कोणालाही जागेवरून हलवायचं नाही. तो म्हणाला, "ठीक है दीदी. हमको तो कोई बताता ही नहीं." आणि खरंच, एका कोपऱ्यात उभं राहून त्यानं सगळं नीट टिपलं.

तरी त्याच्या त्या वाक्यानं माझा राग शमला नाही. हे सांगावं लागतं?