झगा घाल, मगच जवळ ये

“जखमेत एमआरएसए सापडलाय,” डॉक्टरीण बाई म्हणाल्या. म्हणजे नेहमीच्या औषधांना न जुमानणारा जंतू. शिंगाळा माशाचा काटा पायात गेला, एवढंच तर झालं होतं! जन्मभर मासळी विकली, काटे काय कमी टोचले? पण आता अंगात साखर, आणि मी हळद दाबून तशीच बाजारात बसत राहिले.

मला वेगळ्या खोलीत हलवलं. नर्स आत यायची ती निळा झगा आणि हातमोजे घालून. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पायाचा वास मलाच सहन होत नव्हता. वाटायचं, आपण हात लावायच्याही लायकीचे राहिलो नाही.

मुलगा भेटायला आला, तोही झगा घालून! माझं डोकंच फिरलं. “आयकडं आलास का मढ्याकडं? काढ तो!” म्हणत मी रडले. बिचाऱ्यानं काढला. पलंगावर बसून माझा पाय मांडीवर घेतला. पट्टीतलं पाणी त्याच्या कपड्यांना लागलं. मला मात्र बरं वाटलं.

तेवढ्यात डॉक्टरीण बाई आल्या. त्यांनी मुलाला विचारलं, “घरी कोण असतं?”

“बायको न् बाळ. म्हयन्याचं हाय.”

बाई माझ्याकडे वळल्या. “आजी, झगा किळस येते म्हणून नसतो. तुम्हाला, पलंगाला, पट्टीला हात किंवा कपडा लागणार असेल, तेव्हा घालायचा. निघताना इथंच काढून टाकायचा, हात धुवायचे. नाहीतर हा जंतू याच्या शर्टावरून बाळापर्यंत जाईल.”

अगं बाई! माझ्या हट्टापायी नातवाच्या जिवाशी खेळ. लाजेनं मान वर होईना. तुमच्या माणसांना असा झगा दिला, तर माझ्यासारखं रुसू नका. दुसऱ्या दिवसापासून मीच ओरडायचे, “गाठ नीट मार रं!”

जखम भरत आली तशी घरी सोडलं. घरी झगा नको, पण जखम झाकलेली आणि हात धुतलेले हवेत, असं बाईंनी बजावलं. सुनेनं बाळ पुढे केलं. माझे हात पुढे होईनात.

“त्या दिवशी झगा मीच काढाय लावला गो,” मी बोलून टाकलं.

“म्हाईत हाय, आय. त्यांना इहिरीवर आंघोळ करायला लावली, कपडं उकळत्या पाण्यात टाकलं, मगच घरात घेतलं. तुमाला लय शिव्या घातल्या तवा.” तिनं बाळाचं टोपडं सारखं केलं. “हात धुतलं ना? मंग घ्या.”

धुतले होते. तरी लंगडत मोरीवर गेले, पुन्हा धुतले, आणि मग बाळाला घेतलं.