बारीकताईच्या चाकूचं टोक

बारीकताईला कशाची भीती वाटत नसे, असं विचारलं तर उत्तर चटकन संपतं. चाकूची. बाकी लिफ्ट, कुत्री, टेलिफोन, बंद दारं आणि 'इथे सही करा' म्हणणारी माणसं या सगळ्यांना ती सारखीच घाबरून असे, कोणावर अन्याय नाही. पण हातभर पात्याची सुरी भोपळ्यात उतरवताना तिची पापणीसुद्धा लवत नसे.

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात तिचं काम चिरण्याचं. शिजवणारा आचारी वेगळा, वाढणारी वाढपीण वेगळी. पण जेवणाच्या हॉलमध्ये जे काही जाई ते आधी तिच्या हाताखालून गेलेलं असे. तिथल्या बहुतेकांचे दात रात्रंदिवस पेल्यात, त्यामुळे फोडी बारीक लागत. ती अंगानेही बारीकच होती. नाव आपसूक पडलं.

तिची पाती तीन. कोबी-भोपळ्याला मोठी सुरी, कांदे-गाजरांना मधली. या दोन्ही आश्रमाच्या. तिसरा घडीचा चाकू तिचा स्वतःचा, एप्रनच्या खिशात. तो वडिलांचा होता. त्यांची नोकरी फिरतीची. कुठल्याही बाकावर बसून ते त्या चाकूने पाव कापत, सफरचंद सोलत, पातं पँटीला पुसत आणि 'टक्' करून मिटत. त्या आवाजाचा अर्थ लहानपणी तिला पक्का ठाऊक होता: जेवण झालं, चला.

स्वयंपाकघराच्या दारावर पाटी होती: 'घरची हत्यारं आत आणू नयेत.' पाटी म्हटलं की घाबरणारी ही बाई रोज त्याच पाटीखालून खिशात चाकू घालून जाई. इलाज नव्हता. आश्रमाच्या सुऱ्यांना बटाट्याचे डोळे काढायला सांगावं, तर त्या अर्धा बटाटाच काढून हातात देत. काम संपलं की ती तिन्ही पाती धुऊन, कोरडी करून, खिडकीच्या उजेडात धरून बघे. सकाळी मात्र बघत नसे. घरात पडल्या पडल्या चाकूला काय होणार?

त्या दिवशी भोपळा होता. आदला दिवस तिच्या सुट्टीचा, तो तिने बहिणीकडे घालवला होता. भोपळा शिजला, आचाऱ्याने तो घोटून मऊ केला, पातेलं गाडीवर चढलं आणि गाडी हॉलकडे निघाली. बारीकताईने सुऱ्या धुतल्या. मोठी बघितली. मधली बघितली. घडीचा चाकू उजेडात धरला आणि तो तसाच धरून उभी राहिली.

टोक नव्हतं. तांदळाच्या कणीएवढा तुकडा, पण नव्हता.

मग आठवण आली. सकाळी भोपळ्याचा देठ निघत नव्हता. तिने टोक देठाच्या मुळाशी खुपसलं होतं आणि पीळ दिला होता. आणि तेव्हा आवाज आला होता. टक्. आला होता ना? आला होता. आठवू लागली तसा तो आणखी स्पष्ट झाला.

दात असलेल्या माणसाला घासात खडा लागला की तो थुंकतो. दात पेल्यात असलेला माणूस गिळतो. एवढा विचार तिने केला आणि पुढचा करायचा नाही म्हणून सालांची बादली जमिनीवर उपडी केली.

"काय गं, अंगठी हरवली?" आचाऱ्याने विचारलं.

"नाही."

"मग काय, अक्कल?" आपल्या विनोदाला पहिल्यांदा स्वतः हसायची त्याला सवय होती, कारण दुसऱ्यांदा कोणी हसत नसे. "अगं, ती सालं आहेत. त्यांना चाळून काय सोनं निघणार आहे?"

सांगावं, असं तिला वाटलं. तोंडही उघडलं. पण 'चाकू' म्हटलं की 'कुठला चाकू' येणार, 'कुठला' आलं की पाटी येणार, पाटी आली की ऑफिस. तिने तोंड मिटलं. सालांत काही नव्हतं. फळीच्या चिरेत नव्हतं. मोरीच्या जाळीत नव्हतं. म्हणजे ते जिथे असायला नको तिथेच होतं.

ती हॉलमध्ये पोचली तेव्हा वाढपिणीने पातेल्यात डाव बुडवला होता. रांगेतल्या पहिल्या खुर्चीवर निवृत्त मास्तर बसले होते, गळ्याला रुमाल बांधून, चेहऱ्यावर शिक्षा भोगायला आलेल्या माणसाचा भाव. 'थांबा' म्हणायचं बारीकताईचं राहून गेलं. पाय मात्र थांबले नाहीत. ती गाडीवर जाऊन आदळली आणि दोन्ही हातांनी पातेलं उलटं केलं.

पिवळा लगदा हॉलभर पसरला. भाजलं कोणाला नाही. त्या आश्रमात गरम असं काही वाढतच नसत.

"आंधळी झालीस का गं? एवढं धूड दिसलं नाही?" वाढपीण ओरडली.

"चक्कर आली."

"देव आहे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी रुमाल सोडला. मागच्या टेबलावर कोणीतरी टाळ्या वाजवल्या. भोपळ्याचे हितचिंतक त्या हॉलमध्ये फारसे नव्हते.

बारीकताई गुडघ्यांवर बसून लादी पुसू लागली. पुसायला फडकं होतं, पण तिची बोटंच लगद्यात फिरत होती. टोक काही लागलं नाही. हरकत नाही, तिने स्वतःला सांगितलं. बादलीत असेल, मोरीत जाईल. कुठेही असो, पोटात नाही. शिव्या खाऊन सुटका होत असेल तर शिव्या खाण्यात तिचा हात कोणी धरला नसता.

"बरं झालं, वरच्या आजींची वाटी मी आधीच पोचती केली," वाढपीण गाडी पुसता पुसता म्हणाली. "सावकाश जेवतात ना त्या. नाहीतर तुझ्या चकरेपायी उपाशी राहिल्या असत्या बिचाऱ्या."

आपण लिफ्टमध्ये शिरलो, हे बारीकताईला लिफ्टमधून बाहेर पडल्यावर कळलं.

वरच्या आजी अंथरुणाला खिळलेल्या. उशीला टेकून बसल्या होत्या आणि सिस्टर वाटी हातात घेऊन कौतुकाने बघत होती. "ये ताई, बघ! चाटूनपुसून! एरवी दोन घास गेले तर नशीब म्हणायचं."

"आज चव होती," आजी म्हणाल्या.

बारीकताईने वाटीत वाकून पाहिलं. वाटी धुतल्यासारखी स्वच्छ होती. "आजी, टोचलं का काही?"

"काय?"

"घशात. छातीत. टोचतंय का?"

"या वयात कुठे टोचत नाही ते विचार, बाई."

आता पातेलं नव्हतं, उलटं करायला काही उरलं नव्हतं. बारीकताईने पलंगाचा दांडा धरला. "सिस्टर, माझ्या चाकूचं टोक मोडलंय. भोपळ्यात गेलं असणार."

सिस्टरच्या चेहऱ्यावरचं कौतुक उतरताना तिने पाहिलं. त्यानंतरचं सगळं भराभर झालं. हॉस्पिटलची गाडी आली, स्ट्रेचर आलं, आजी 'मला कशाला नेताय, मी जेवले ना' म्हणत राहिल्या. व्यवस्थापिका मॅडम ऑफिसातून खाली आल्या. त्या कधी ओरडत नसत, त्यामुळे सगळेच त्यांना घाबरत.

"कुठला चाकू?"

बारीकताईने खिशातून काढून दिला.

"हा आपला नाही."

"माझा आहे, मॅडम."

"दारावरची पाटी वाचली नव्हती?"

"रोज वाचते, मॅडम."

हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तिला एकच प्रश्न विचारला. "टोक भोपळ्यातच मोडलं, हे नक्की?"

"नक्की. आवाज आला होता. टक् असा." आयुष्यात प्रथमच कोणीतरी शिकलेला माणूस तिचं बोलणं लिहून घेत होता. तिला वाटलं, निदान एवढं तरी ठामपणे सांगावं.

एक्सरेत पोटाशी एक ठिपका दिसला. काहीही असू शकतो, डॉक्टर म्हणाले, पण बाई आवाज ऐकला म्हणतात तर थांबता येणार नाही. सकाळी भूल देऊन घशातून नळी घालायची. तोवर आजींना अन्न नाही, पाणी नाही. "या वयात भूल म्हणजे..." एवढं बोलून ते कागदांकडे वळले. वाक्याचा उरलेला भाग बारीकताई आश्रमापर्यंत बरोबर घेऊन आली.

मॅडमनी चाकू टेबलाच्या खणात ठेवला आणि किल्ली फिरवली. "तुझ्या नोकरीचं उद्या बघू. खरं बोललीस म्हणून आजचा दिवस आहे."

घरी मात्र बारीकताई निराळी होती. जगात तिला घाबरणारा माणूस एकच, आणि जगाकडून येणारं सगळं उट्टं ती त्याच्यावर काढी. नवरा वाचनालयातून निवृत्त झाला होता. त्याला दुरुस्तीची हौस होती, हत्यारं नव्हती. ती त्याला 'अहो' म्हणे, पण त्या 'अहो'त आदर कमी आणि हजेरी जास्त.

त्या संध्याकाळी ती 'अहो' म्हणाली आणि रडायलाच लागली. नवरा इतका गोंधळला की त्याने चहाचा कप तिच्याऐवजी खुर्चीपुढे केला. तिने सगळं सांगितलं: देठ, पीळ, टक्, आजी, नळी. 'टोक' हा शब्द आला तसा तो पांढरा पडला. कप खाली ठेवून उठला, घड्याळामागून काड्यापेटी काढली आणि तिच्यापुढे ठेवली.

"रागावणार नाहीस ना?"

पेटीत काड्या नव्हत्या. कापसाच्या बोळ्यावर तांदळाच्या कणीएवढं पोलाद होतं.

"न्हाणीघराच्या कडीचा स्क्रू सैल होता," नवरा म्हणाला. "काल तू बहिणीकडे होतीस. म्हटलं, आवळून टाकावा."

"माझ्या चाकूने?"

"दुसरं काही नव्हतं. कोणाच्या पायात जाईल म्हणून टोक नीट उचलून ठेवलं बघ."

"मग सांगितलं का नाही?"

"घाबरलो."

"कोणाला?"

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. "आज संध्याकाळी सांगणार होतो."

"ही संध्याकाळच आहे!"

"म्हणून तर सांगतोय."

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. मग तिला डॉक्टरांचा कागद आठवला. त्यावर तिचा 'टक्' शाईने लिहिलेला होता. टोक काल मोडलं असेल तर आज तिने ऐकलं काय? खोटी ठरणार. खोटी नाही तर वेडी. पाटी मोडणारी, पातेलं ओतणारी आणि वर आवाज ऐकणारी बाई चिरायला कोण ठेवेल? पेटी घड्याळामागे परत ठेवायला कितीसा वेळ लागणार होता? फोटोतला ठिपका सकाळी काय तो निघेल किंवा निघणार नाही, आणि तिला कोणी विचारणार नाही.

पण आजी तहानलेल्या असतील. आणि डॉक्टरांचं ते वाक्य अजून अर्धवटच होतं.

"फोन लावू का?" नवऱ्याने विचारलं.

"फोनवर माझी वाचा बसते. चपला घाला."

मॅडम दिवा मालवून निघण्याच्या बेतात होत्या. बारीकताई दारात उभी, मागे नवरा, दोन्ही हातांत काड्यापेटी धरून, जणू तीत काहीतरी जिवंत होतं. तिला जे बोलायचं होतं ते तिने एका दमात बोलून टाकलं, उलटसुलट, स्क्रू आधी आणि बहीण नंतर. मॅडमनी खण उघडला. चाकू उघडला. टोक चिमटीत उचलून पात्याला लावलं.

बसलं. मध्ये फट राहिली नाही.

मॅडमनी तिथूनच हॉस्पिटलला फोन केला. "नळीचं रद्द करा. आधी आजींना पाणी द्या, मग खायला... ठिपका? त्यांच्या गाउनचं बटण बघितलंत का कोणी?" पलीकडे कोणीतरी कोणालातरी विचारायला गेलं. "बघा मग," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"आणि तो आवाज?"

"आला होता, मॅडम. आईशपथ." बारीकताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी खोटं नाही बोलले. टक् असा, सकाळी, देठ काढल्यावर."

"टोक काल मोडलंय. सकाळी कसा येईल?"

मॅडमनी सुस्कारा टाकला आणि चाकू मिटला.

टक्.

तिघंही चाकूकडे बघत राहिली. देठ निघाल्यावर तिने काय केलं होतं, ते बारीकताईला आत्ता आठवलं. पातं एप्रनला पुसलं होतं आणि मिटलं होतं.

"उद्या वेळेवर ये," मॅडम म्हणाल्या. "हा मात्र घरी राहील."

त्यांनी चाकू पुढे केला. नवऱ्याने मदत म्हणून हात लांब केला.

"तुम्ही हात मागे घ्या," बारीकताई म्हणाली.