शिशीला विचारा

भर मे महिन्यात, माजरीच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, आमची मावशी खोबरेल तेल गोठलं का ते बघत बसायची. कॉलनीतली पोरं तिला शिशीमावशी म्हणत आणि ती खुशाल ओ देई.

या सगळ्याच्या मुळाशी मावसाजींचा एसी होता. मावसाजी कोळसा खाणीत ओव्हरमन, म्हणजे पाळीवरच्या कामगारांचे वरिष्ठ. बदली झालेल्या एका साहेबांकडून त्यांनी तो खिडकीतला एसी घेतला आणि त्या दिवसापासून त्यांची चालच बदलली. एसीच्या बटणावर एक ते दहा आकडे होते. मावसाजींना फक्त दहा माहीत होता. "दहा असताना बाकीचे नऊ कोण्या कामाचे?" असं ते विचारत. दहावर मावशीला हुडहुडी भरे, पाचावर मावसाजींना घाम फुटे, आणि मधल्या आकड्यांवर दोघं भांडत.

एकदा मावशी वेणी घालायला बसली तर शिशीतून तेलच पडेना. दुसरी कोणी असती तर शिशी उन्हात ठेवून मोकळी झाली असती. मावशीनं ती एसीसमोरच्या फळीवर ठेवली आणि घराला कायदा लावून दिला. तेल घट्ट झालं तर खोली फार थंड, पार पातळ झालं तर फार गरम, आणि काठाला पांढरट ढग धरला की जमलं. "ना तुमचं, ना माहं," ती म्हणायची. "शिशीले इचारा."

मावसाजी कायदा मोडत नसत, पण लबाडी करत. शिशी हळूच बगलेत धरून ऊब द्यायची आणि मग पुढे करायची. "पाह्य व, पातळ झालं. वाढवू का?" मावशी शिशीला हात लावी. "तेल तापलं अन् खोली गार? बगलेतून काढली ना जी?" मावसाजी छताकडे बघत.

माझं लग्न ठरलं तेही त्या शिशीपायीच. आधी दोन स्थळांनी नकार दिला होता. हा तिसरा मुलगा अहेरीला शिक्षक. एका लग्नात मी त्याला पाहिलं होतं, आणि खरं सांगते, तो मला फार आवडला होता. हे तरी फिसकटू नये, एवढंच मला वाटत होतं. मुलगी एसीत दाखवायची, हा मावसाजींचा हट्ट, म्हणून बघण्याचा कार्यक्रम त्यांच्याच घरी. त्यांनी सकाळपासून बटण दहावर ठेवलं आणि पाहुण्यांसमोर तेलाची शिशी कशी दिसेल म्हणून ती पडद्यामागे सरकवली.

पाहुणे उन्हातून आले तेव्हा खूश झाले. थोड्या वेळानं मुलाचे वडील शिंकू लागले. मुलाच्या आईनं चादर मागितली, मे महिन्यात. मी पन्ह्याचा ट्रे घेऊन गेले तर पेल्याला कोणी हात लावेना. माझ्याकडेही कोणी बघेना, सगळ्यांचे डोळे एसीवर. गेलं हेही स्थळ, असं मनात म्हणत मी उभी राहिले. तेवढ्यात मुलाची आई म्हणाली, "बाई, गुडघे आखडले माहे. जरासं तेल हाय का?"

मावशीनं इकडेतिकडे शोधून पडद्यामागून शिशी काढली आणि तिच्या तळहातावर उलटी केली. थेंबही पडला नाही.

"काऊन जी," मावशी पाहुण्यांदेखत मावसाजींना म्हणाली, "पोरीचं लगन जमवून राह्यले का पावण्यायले गोठवून राह्यले?"

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण मुलाची आई हसायला लागली ती थांबेचना. "आमच्या घरी बी हेच हाय व," ती म्हणाली. "याइच्या कूलरनं माही मान धरते." मग दोघी शिशीवर डोकं लावून बसल्या. बटण खाली आलं, गोठलेलं तेल सैल होऊन ढगावर आलं, तोवर बुद्धविहारातली लग्नाची तारीखसुद्धा ठरली होती. मला कोणी एकही प्रश्न विचारला नाही. मुलगा तेवढा माझ्याकडे बघून हसला.

आज आमच्याकडे आकडे दाखवणारा रिमोट आहे. तरी नवरा आधी फळीवरच्या शिशीकडे बघतो.

लग्नानंतर थोड्याच वर्षांनी मावशी आजारी पडली. तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात मी भेटायला गेले. अंगात रक्त उरलं नव्हतं, बाहेर आग बरसत असताना ती गोधडीत कुडकुडत होती. एसी अगदी हळू चालू होता.

"पाहा ना जी," ती म्हणाली, "तेल गोठलं का?"

मावसाजींनी शिशी उचलली. मी शेजारीच होते. तेल पाण्यासारखं पातळ होतं.

"गोठलं व," मावसाजी म्हणाले. "पार गोटा झालं." त्यांनी एसी बंद केला, शिशी सदऱ्याच्या खिशात घातली आणि घामानं निथळत तिचे पाय चेपत बसले.